तुम्ही विचारलंत म्हणून: चौथीच्या वर्गात फासे कशाला?

पालकसभा असो नाहीतर कुणाचं बारसं, मी चौथीला शिकवते आणि माझ्या वर्गात फासे असतात हे कळलं की प्रश्न ठरलेला, "अहो बाई, संभाव्यता दहावीला असते ना, मग एवढ्याशा पोरांना आत्तापासून कशाला?" एका आजोबांनी तर सरळच विचारलं, जुगार शिकवता का. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मुळात मी संभाव्यता शिकवतच नाही. सूत्र नाही, व्याख्या नाही, तो शब्दसुद्धा फळ्यावर येत नाही. आधी नुसतं मोजायचं. जूनमध्ये पहिलं काम म्हणजे शाळेत कोण कसं येतं, चालत, बस, लोकल, टॅक्सी, रिक्षा असे पाच रकाने आणि एकेक पोर पुढे येऊन रेघ मारतं, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. आमची शाळा परळला, त्यामुळे रिक्षाच्या रकान्यात दरवर्षी शून्य, रिक्षा बांद्रा-सायनच्या अलीकडे येतच नाहीत ना. पोरांना तो रकाना खोडायचा असतो, कुणीच नाही तर ठेवायचा कशाला. मी खोडू देत नाही. यंदा एक मुलगी, सुट्टीत अंधेरीला मामाकडे राहून आलेली, म्हणाली, "बाई, तिकडच्या शाळेत हाच खांब सगळ्यात उंच होईल." माझं अर्ध्या वर्षाचं काम तिथेच झालं.

मग चित्रालेख. एक वडापाव म्हणजे 4 मुलं धरली आणि निघाली 7, तर काढायचे किती? पावणेदोन. उरलेला चतकोर कुणी खाल्ला यावर पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

फासे त्यानंतर. लुडोत सहा पडणं सगळ्यात कठीण असं निम्म्या वर्गाला ठाम वाटतं, कारण आपण वाट सहाचीच बघत बसतो, दोनाची कोण बघतं? म्हणून प्रत्येक जोडीला एक फासा देते, 60 वेळा टाका, पण आधी अंदाज लिहा, आणि पेनाने लिहा, पेन्सिलीने लिहिला की खोडरबर लगेच बाहेर येतो. एका जोडीला सहा चौदा वेळा पडतं, शेजारच्यांना सातच वेळा, की भांडण सुरू, तुमचा फासा खोटा. सगळ्या वर्गाचं एकत्र करून फळ्यावर मांडलं की सहाचा खांब बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा.

पण खरी मजा गाड्यांच्या शर्यतीत. बारा लोकल, नंबर 1 ते 12, सगळ्या चर्चगेटला उभ्या. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल ती गाडी एक स्टेशन पुढे, जी आधी दादरला ती जिंकली. म्हणजे आठ स्टेशनं, मरीन लाइन्सपासून मोजायची (प्रभादेवीला आमच्या घरी अजून एल्फिन्स्टनच म्हणतात, 2018 ला नाव बदललं तरी). गाड्या पोरं आपापल्या निवडतात. एकाने हौसेने 1 नंबर घेतला, एक नंबर म्हणजे एक नंबर! बिचारा पंधरा-वीस डाव चर्चगेटलाच. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने दोन्ही फासे हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि ओरडला, "बाई, दोन फाशांवर एक पडणारच नाही!" आता हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्याने वहीत उतरवून घेतलं असतं, बस.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांना 7 हवा. का, तर 7 सहा तऱ्हांनी पडतो, 12 एकाच तऱ्हेने. पण 3-4 आणि 4-3 वेगळे धरायचे हे पोरांना पटता पटत नाही, त्यासाठी एक फासा लाल आणि एक पांढरा ठेवलाय, लालवर तीन-पांढऱ्यावर चार हे लालवर चार-पांढऱ्यावर तीनपेक्षा वेगळं दिसतं तरी डोळ्यांना. यावर हसणाऱ्या पालकांना मी दालाँबेरचं सांगते. फ्रान्सचा नावाजलेला गणिती, 1754 मध्ये त्यानेही मोजण्यात असाच घोळ घातला होता, नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता चारात तीन, त्याने छापली तीनात दोन. आमची पोरं तर नऊ वर्षांची आहेत.

आणि इतकं करून त्या दिवशी जिंकला 8. सातवाले चिडले, बाई तुम्हीच म्हणालात ना! मी म्हटलं, मी म्हणाले जास्त वेळा पडतो, दरवेळी जिंकतो असं कुठे म्हणाले. हा एक फरक डोक्यात बसायला पुढचे दोन आठवडे गेले, आणि काहींच्या अजून नाही बसला, खोटं कशाला बोलू.

सध्या पोरांनी स्वतःच नियम बदललाय. 2 आणि 12 चर्चगेटहून कधीच पोचत नाहीत, हा अन्याय आहे, तर त्यांना पुढच्या स्टेशनवरून सोडायचं. हे मी सुचवलेलं नाही हं. आता प्रभादेवीहून की लोअर परळहून, यावर मधल्या सुट्टीत डबे उघडे ठेवून वाद चालू आहे, आणि तो एक नंबरवाला म्हणतो, मला दादरलाच उभा करा.