ढाळ बघावा तर असा

आमचा धंदा फरशीचा. जळगाव-भुसावळकडे बाथरूम, गच्च्या, मंदिरांचे सभामंडप, मिळेल ते काम. दगड दिसला की नजर आधी ढाळावर जाते. पुतण्या ओमानात सलालाला असतो. त्यानं एका जुन्या दगडी पाटाचा फोटो धाडला, "काका, हाई काय शे?"

पांढरट चौकोनी दगड, चारी बाजूंनी उठलेली कड, पुढं आलेली पन्हळ आणि तिला बैलाचं मुंडकं. आजच्या येमेनात सबा, कताबान अशी राज्यं होती, तिथल्या देवळांत हे पाट असायचे. देवाला अर्पण करायचं ते त्यावर ओतायचं, पन्हळीतून ते वाहून जायचं. फोटो मोठा करून पाहिला. कड चिकटवलेली नाही, अख्ख्या दगडातून आतला भाग उतरवलाय. सांधाच नाही, तर गळेल कुठून? आमच्याकडे ग्रॅनाइटच्या ओट्याला पट्टी चिकटवतात आणि दोन पावसाळ्यांत बोंबलत बसतात.

कडेवर अक्षरं कोरलेली. ही मुसनद लिपी: 29 अक्षरं, सगळी व्यंजनं, वाचायची उजवीकडून, दोन शब्दांमध्ये उभी रेघ. अशा लेखांतला मजकूर बहुधा ठरलेला: अमक्याचा मुलगा तमका, त्यानं हे देवाला वाहिलं. सबात देव अल्मकाह, कताबानात अम्म. म्हणजे आपल्या देवळाच्या पायरीवरची देणगीदाराची फरशीच की! फक्त अक्षरं लहान पडली म्हणून भांडायला आलेला देणगीदार तिथं कुणाला भेटला असेल का, देव जाणे.

पुतण्याला कळवलं, तुझ्याजवळच खोर रोरीला सुमहुरम आहे. हद्रमौत हेही येमेनाकडचंच जुनं राज्य, त्याच्या राजांचं हे बंदर, वेशीतले लेख याच लिपीत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्या किनाऱ्यावरच्या मोस्का बंदराचं नाव येतं. अभ्यासक ते हेच मानतात. भडोचहून निघालेली गलबतं उशीर झाला की हिवाळाभर तिथं थांबायची आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान घ्यायची. भडोच आमच्या नंदुरबारपासून फार लांब नाही, म्हणून हे वाचताना जरा जास्तच मजा आली.

सुट्टीत जाशील तेव्हा उजेड समोरून असताना लेखाचा फोटो काढू नको, म्हटलं. सकाळी लवकर जा आणि ऊन तिरकं पडत असताना काढ. उजेड बाजूनं आला की टाकीचा घाव दिसतो.