चिगुळे म्हणून निघालो, चिखलेला पोचलो

आज रविवार. साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेसातला, कारण मामांना दोन चहा झाल्याशिवाय पायात चप्पल घालता येत नाही. त्यात रात्री कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली होती पण भिंतीवरचं बटणच ऑन केलं नव्हतं. ४२ टक्क्यांवर निघालो.

बेत असा की बेळगावातनं पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी आणि तिथनं चिगुळे. चिगुळ्याच्या माउलीच्या देवळाकडनं खाली कोकणाकडची दरी दिसते, आणि सकाळी धुकं दरीत बसलेलं असलं तर मग काय विचारूच नका. गेले दोन पावसाळे तो एक फोटो माझ्या डोक्यात आहे. मामा सोबत का, तर रिटायर झाल्यापासनं घरात बसून मामीला पिडायलेत म्हणून आईनंच माझ्या गळ्यात बांधले. मामा बसवर ड्रायव्हर, शेवटची अकरा वर्षं चोर्ला घाटातनं पणजीच्या गाडीवर. आज माझ्या बाजूच्या सीटवर बसलेले, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली मॅटवर ब्रेक दाबायला.

पहिला स्टॉप कुसमळीच्या पुलाजवळ. मलप्रभा लाल पाण्यानं भरून चालली होती. मी गाडी बाजूला घेतली तर मामा लगेच, "अरे वळणाच्या तोंडावर कोण थांबवतं? मागनं लोड गाडी आली म्हणजे?" बरोबरच होतं, पुढं नेऊन लावली. मग जांबोटीला चहा, जांबोटीच्या पुढं सोनकीचं पिवळं पठार, तिथं स्टॉप, मग एका ओल्या म्हशीसाठी स्टॉप (ती हललीच नाही, मॉडेल म्हणून एक नंबर). चौथ्या स्टॉपला मामा म्हणाले, "एवढ्या टायमात मी गोव्यातलं साखळी गाठलं असतं."

कणकुंबीला रामेश्वराच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. कुंडातलं पाणी बघून पटत नाही की हीच पुढं सौंदत्तीला नविलतीर्थच्या धरणात अडवलेली नदी, आणि ३०० किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळणारी. मला तर ह्या मुलखाची गंमतच वाटते, इथला पाऊस मलप्रभेत पडला तर पार बंगालच्या उपसागराला जातोय आणि ह्याच खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात पडला तर म्हादईतनं गोव्याला, तिथं तिला मांडवी म्हणतात. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाण्याला काय कळतंय बाबा, भांडायलेत ते आपणच."

कणकुंबी सोडल्यावर फोनला रेंज कधी गोव्याची कधी महाराष्ट्राची आणि बऱ्याचदा कुणाचीच नाही. मॅप अडकला. फाट्यावर एक माणूस डोक्यावर इरलं घेऊन गुरं हाकत होता, त्याला काच खाली करून विचारलं, तो काहीतरी बोलला, वाऱ्यात मला 'चि' तेवढं ऐकू आलं आणि मी हो म्हणून गाडी आत घातली. मामांनी रस्ता ओळखला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "तूच मॅप बघायलास म्हटल्यावर मी कशाला बोलू?"

तर आम्ही पोचलो चिखलेच्या बाजूला. धुक्याची वेळ निघून चाललेली आणि माझं डोकं तापलेलं. गाडी वळवायला जागा शोधत होतो तर एका छपरातनं धूर आणि वाफ दोन्ही येत होतं. आत खवा लावला होता. चुलीवर भली मोठी कढई, लाकडाचा जाळ, आणि एक मावशी लांब दांड्याच्या उलथण्यानं तळ खरवडत होत्या, हात एक सेकंद थांबत नव्हता, कारण थांबला की खाली लागतंय. कडेला जमलेली साय त्या परत परत आत ओढत होत्या. दुधाचा आवाज आधी खळखळ होता, मग घट्ट व्हायला लागलं तसा बुडबुडे फुटल्याचा फटफट आवाज. मावशी म्हणाल्या म्हशीचं पाच लिटर आटवलं की कसाबसा किलोभर निघतोय. आपण बेळगावच्या शहापुरात खव्याचा कुंदा घेताना वजनाला कटकट करतो ते आठवून मी गप्प बसलो. माझ्या लेन्सवर वाफ बसली, पुसली, परत बसली. शेवटी तशीच क्लिक केली. मामांनी दोन किलो खवा घेतला आणि उलथणं मागून स्वतः पाच मिनिटं ढवळत बसले. "स्टिअरिंगपेक्षा जड आहे गं," असं मावशींना म्हणाले. त्या हसून लाल.

चिगुळे राहूनच गेलं. त्याऐवजी चोर्ल्याच्या तोंडाला गेलो. धुकं केव्हाच उडालेलं, ऊन कडक, फोटोच्या दृष्टीनं बेकार लाइट. मी वैतागून ट्रायपॉड मिटत होतो, बॅटरी ६ टक्के. मामा कठड्यापाशी उभे, हात मागं बांधून, बराच वेळ. मग म्हणाले, "अकरा वर्षं इथनं गेलो रे. रोज. ही दरी एवढी आहे हे आज बघितलं. तेव्हा फक्त रस्ता बघायचा, आणि आरशात मागचं टायर."

मी काही बोललो नाही. पाठमोरा एक फोटो काढला आणि कॅमेरा बंद पडला.

येताना डिकीत खव्याची पिशवी कलंडली, ट्रायपॉडच्या बॅगेला अजून तुपट धुराचा वास आहे. जेवताना मामा म्हणाले तो दरीचा फोटो मोबाइलवर टाक. कडक उन्हातला, सपाट, मी डिलीटच करणार होतो, पण पाठवला. त्यांनी चष्मा लावून, एका बोटानं टाइप करत तो त्यांच्या जुन्या कंडक्टरला फॉरवर्ड केला. मी वाकून वाचलं. खाली लिहिलं होतं: "आपल्या वळणाला हे होतं बघ."