तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त गिटार महागड्या गिटारच्या पंक्तीला बसते का?

‘स्वस्तातली अकूस्टिक गिटार महागड्या गिटारची बरोबरी करू शकते का?’ मी गिटार शिकवते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. नव्याने शिकणारे विचारतात, मुलांसाठी गिटार घेणारे आईवडील विचारतात, आणि काही वर्षं वाजवून झाल्यावर ‘आता जरा चांगली घ्यावी का’ या विचारात पडलेलेही विचारतात. उभ्या उभ्या मी एवढंच सांगते: आवाजात ती वाटते त्याहून बरीच जवळ जाते, हातात मागे पडते, आणि हातातला बराचसा फरक थोडक्या खर्चात भरून काढता येतो. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, व्हायलाही नको. म्हणून आज सविस्तर.

आधी लाकडाचं बोलू, कारण दुकानात सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्यावरच. पाठीला रोझवुड आहे, ही महोगनी आहे, ही सपेलीची आहे, म्हणून एवढी किंमत. स्पेनचा आंतोनियो दे तोर्रेस, ज्याच्या घडणीवर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, त्याने १८६२ मध्ये एक गिटार बनवली. वरची फळी नेहमीसारखी स्प्रूस लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. गिटार बोलते ती वरच्या फळीमुळे, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये टेलर या अमेरिकी गिटार कंपनीच्या बॉब टेलरनेही माल ठेवायच्या पॅलेटचं ओक लाकूड वापरून एक गिटार केली आणि व्यापारी प्रदर्शनात मांडली. रोख तोच होता, लाकडापेक्षा घडवणारा हात मोठा.

याची नीट परीक्षाही झाली आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगासाठी रॉजर बकनॉल या कारागिराने सहा गिटारी बनवल्या. घडण सगळ्यांची एकच, फरक फक्त पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा. त्यात दुर्मिळ ब्राझिलियन रोझवुड होतं आणि सहज मिळणारं सपेलीही होतं. ५२ गिटारवादकांनी अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. सहाही गिटारींना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. ब्राझिलियन रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून अत्यंत कडक निर्बंध आहेत, म्हणून ते महाग आहे. त्या महागाईचा तुमच्या कानाशी फारसा संबंध नाही.

या प्रयोगावरून ‘म्हणजे किमतीला काही अर्थच नाही’ असं म्हणणारेही भेटतात. तसं मुळीच नाही. सहाही गिटारी एकाच मुरलेल्या कारागिराच्या हातून उतरल्या होत्या, सगळ्यांचा टॉप, म्हणजे वरची फळी, एकाच जातीच्या लाकडाचा होता. तेव्हा या प्रयोगाने पाठीच्या लाकडाचा प्रश्न निकालात काढला. टॉपचा आणि कारागिरीचा प्रश्न उरतोच, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तार स्वतः फारशी हवा हलवत नाही. ती ब्रिजला, म्हणजे टॉपवर जिथे तारा बांधलेल्या असतात त्या तुकड्याला, हलवते, ब्रिज टॉपला हलवतो, आणि टॉप हवेला. म्हणजे टॉप जितका हलका आणि लवचिक, तितका तो मोकळा बोलणार. पण त्याच टॉपवर सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ताण देत असतात, रात्रंदिवस. पातळ ठेवावा तर तो फुगतो, ब्रिज पुढे कलतो. जाड ठेवावा तर आवाज आतच कोंडतो. गिटार बनवण्याची सगळी विद्या या ओढाताणीत आहे. एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या कडक नसतात. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक फळी हातात वाकवून, बोटाने ठोकून बघतो आणि तिला सोसेल तेवढीच तासतो. आतल्या पट्ट्याही, म्हणजे ब्रेसिंगही, तसंच उतरवतो. स्वस्त गिटारच्या कारखान्यात एवढी सवड नसते. सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या काढतात, आणि ती जाडी सगळ्यात कमकुवत फळीही तक्रार घेऊन परत येऊ नये अशा बेताने ठरवलेली असते. महाग गिटारमध्ये पैसे मोजायचे तर ते या तासण्याचे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रेटबोर्डवरच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या फळीवरच्या, शिंपल्याच्या वेलबुट्टीचे मोजायचे असतील तर डोळ्यांसाठी मोजतोय हे ठाऊक असलेलं बरं.

यातूनच स्वस्त गिटारबद्दलची एक चांगली गोष्ट निघते. जाडी सगळ्यांना सारखी, पण फळ्या वेगवेगळ्या. मग एखाद्या फळीला नेमकी तीच जाडी मानवते आणि ती गिटार तिच्या किमतीच्या मानाने फारच सुरेख वाजते. एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी दुकानात असतील तर सगळ्या वाजवून बघा. बंद खोक्यातली घेऊ नका.

घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यांनी तपासा. साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची, कड उजेडात धरून बघा. टॉपवर दिसणाऱ्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच सरळ खाली उतरत असतील तर टॉप सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा, आहे. कडेला थर दिसले, मधला थर वेगळ्याच दिशेचा किंवा गडद वाटला, तर तो प्लायचा, म्हणजे थर चिकटवून केलेला, आहे. कधीकधी कडेवर रंग किंवा पट्टी असते, मग कळत नाही; अशा वेळी सरळ विचारावं. प्लायच्या गिटारी टाकाऊ नसतात. प्रवासात, कोरड्या किंवा दमट हवेत त्या सॉलिड लाकडापेक्षा जास्त सोसतात. टॉप, पाठ, कडा सगळंच सॉलिड लाकडाचं असलेली गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते, हवा फार कोरडी झाली की तिला तडा जाऊ शकतो. पण बजेट बेताचं असेल आणि दोन्हींतून निवड करता येत असेल, तर पाठ-कडा प्लायच्या आणि टॉप सॉलिड, ही जोडी घ्या. या पातळीवर पैशाचं सगळ्यात जास्त मोल इथेच मिळतं. यामाहाची एफजी मालिका १९६६ पासून आहे, आणि तिच्यातल्या आजच्या अगदी सुरुवातीच्या एफजी-८०० लाही सॉलिड स्प्रूसचा टॉप असतो. १९६९ च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात कंट्री जो मॅकडॉनल्ड हा गायक अफाट गर्दीसमोर एकटा उभा राहून गायला, तेव्हा त्याच्या हातात याच मालिकेतली एक साधी गिटार होती.

आता हाताकडे येते. स्वस्त गिटारला लोक जी नावं ठेवतात, त्यातली निम्म्याहून अधिक खरं तर सेटअपची, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवण्याची, असतात. कारखान्यातून निघताना तारा मुद्दाम उंच ठेवतात, कारण तार फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या (नेकवरच्या) धातूच्या आडव्या पट्टीला, घासून करकरली की गिऱ्हाईक गिटार परत आणतं, आणि बोटं दुखली तर स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतं. माझ्याकडे येणारे कितीतरी विद्यार्थी ‘माझा हातच लहान आहे’, ‘एफ कॉर्ड माझ्याने होणारच नाही’ असं ठाम धरून आलेले असतात. मी आधी त्यांची गिटार हातात घेते. तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर तरंगते ते वाकून बघायचं. तिथे कागद सरकेल एवढीच फट हवी. पुष्कळ स्वस्त गिटारींत तिथे जाड पुठ्ठा आरामात जातो. म्हणजे नटच्या, नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ राहिल्या आहेत. मग पहिल्या फ्रेटवर बार धरताना, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना, दुप्पट जोर लागतो, आणि तार इतकी खाली ओढावी लागते की ताणली जाऊन स्वर चढतो. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर, आणि सी कॉर्ड धरला की काहीतरी खुपतं, असं होत असेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. विद्यार्थी बिचारा आपल्या कानावर शंका घेत बसतो. एका मुलीने तर गिटार सोडायचंच ठरवलं होतं. तिच्या गिटारचा नट दुरुस्त करून घेतला आणि पुढच्याच तासाला एफ कॉर्डमधल्या सहाही तारा वाजल्या. हात तोच होता, गिटारही तीच.

दुसरी जागा सॅडलची, म्हणजे ब्रिजवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली पावणेदोनच्या आसपास अंतर असेल तर गिटार हाताला हलकी लागते. त्याहून मिलिमीटरभरही जास्त असेल तर बोटं लगेच तक्रार करतात. सॅडल एक मिलिमीटर घासला की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरतो, असा साधा हिशोब आहे. पण त्याआधी नेक किती वाकला आहे ते बघून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला वाक सांभाळणारा दांडा, जुळवून घ्यावा लागतो. नटच्या खाचा मात्र घरी कानशीने उकरू नका. एक खाच जास्त खोल गेली की मोकळी तार करकरते आणि नटच बदलावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घ्या, आणि गिटारच्या बजेटमधून त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. जराशी कमी किमतीची गिटार आणि चांगला सेटअप हा सौदा मला नेहमीच जास्त पटतो. नव्या तारांचंही तसंच. महिनोन्‌महिने न बदललेल्या तारा असलेली महागडी गिटार नव्या तारांच्या स्वस्त गिटारपुढे मंद वाटते.

एवढं सगळं केल्यावरही काही फरक उरतो, आणि तो नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. नुसत्या अंगठ्याच्या मऊ भागाने अगदी हळू तार छेडा. चांगल्या टॉपची गिटार तेवढ्यावरही पूर्ण आवाज देते. मग जोर वाढवत जा, ती बरोबर येत राहते. जाड टॉपची गिटार हळू वाजवताना नीट जागी होत नाही, आणि जोरात वाजवलं की एका टप्प्यानंतर आवाज मोठा होण्याऐवजी पसरट होत जातो. मध्यम जोरात, साध्या स्ट्रमिंगमध्ये दोघी जवळजवळ सारख्या वाटतात. व्हिडिओवर डोळे बांधून घेतलेल्या परीक्षांत लोक गोंधळतात ते म्हणूनच. तिथे मध्यम जोरातच वाजवलं जातं, ते मायक्रोफोनमधून जातं आणि फोनच्या स्पीकरवर ऐकलं जातं. वाजवणाऱ्याच्या हाताला काय जाणवलं, ते त्यात कुठेच येत नाही. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याला हा फरक रोज भेटतो. गाण्याला साथ म्हणून कॉर्ड धरणाऱ्याला तो क्वचितच भेटतो.

शिवाय पुढच्या वीस-तीस वर्षांचा प्रश्न आहे. तारांच्या ताणाने बहुतेक गिटारींच्या नेकचा कोन हळूहळू बदलतो, आणि कधीतरी नेक काढून पुन्हा बसवावा लागतो. चांगल्या गिटारी हे काम पुढे होणार हे धरूनच जोडलेल्या असतात. अगदी स्वस्त गिटारला त्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त येतो, म्हणून तो कुणी करत नाही.

तेव्हा महाग गिटार घ्यायच्या विचारात असाल तर आधी आहे त्या गिटारचा सेटअप करून घ्या, नव्या तारा लावा आणि तीच गिटार घेऊन दुकानात जा. हात बसलेली एकच रचना दोन्हींवर वाजवा, आधी अगदी हळू, मग जोरात. नंतर पाठ करून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही वाजवायला सांगा. एवढं करूनही तुमच्या हाताला आणि कानाला फरक जाणवला, तर तो खरा आहे. परवडत असेल तर बिनधास्त घ्या.