कमी ढकलणारा महागडा पंप

अकाउंट्सचे साहेब फाइल घेऊन थेट लॅबमध्येच आले. दांडिया बाजारातले जुने बडोदेकर, हिशेबाला पक्के.

"मॅडम, आहे तो पंप भरपूर पाणी फेकतो. तुम्ही मागताय तो थेंब थेंब सोडणारा, आणि किंमत जास्त! ऑडिटला काय सांगू?"

तोंडी वाद घालण्यापेक्षा दाखवलेलं बरं. जमिनीखालच्या तेलाच्या थराची नक्कल म्हणून दोन काचांच्या मध्ये बारीक काचमणी दाबून भरले होते, त्यात उत्तर गुजरातचं जड तेल; पाणी ढकलून ते बाहेर काढायचं. आमच्या टेक्निशियनभाईंनी जुना पंप लावला. पाण्याची कड सुरुवातीला सरळ सरकली, मग तिला बोटं फुटली. त्यातलं एक सुसाट निघालं ते पार दुसऱ्या टोकाला. त्यानंतर बाटलीत जवळजवळ पाणीच.

"मग जोर वाढवा की!"

वाढवला. पाणी त्याच वाटेनं अधिक वेगानं पळालं, बाजूचं काळं तेल जागच्या जागी.

सच्छिद्र थरातून द्रव कसा वाहतो ते सांगणारा डार्सीचा नियम 1856 चा. दाब तोच असला तरी पातळ द्रव दाट द्रवापेक्षा कितीतरी पटींनी वेगात वाहतो. मेहसाण्याजवळच्या बलोलचं तेल सुमारे हजार मीटर खाली, तिथल्या उष्णतेतही 100 ते 450 सेंटीपॉइज (दाटपणाचं एकक) दाट. त्याच उष्णतेत पाणी अर्धा सेंटीपॉइजही नाही. जे बोट पुढे जातं त्याला अडवायला तेल कमी उरतं, म्हणून ते आणखी पुढे जातं. गुरुत्वाकर्षणाचीही मदत बेताचीच, कारण हे तेल वजनाला जवळपास पाण्याइतकंच. उरतं केशाकर्षण. पाणी मण्यांना चिकटतं, बारीक फटींत आपोआप शिरतं आणि तिथलं तेल बाहेर काढतं. पण त्याला सवड द्यावी लागते.

शेजारच्या लॅबमधून मंद पंप उसना आणला. काच धुऊन नव्यानं भरण्यातच दुपार गेली (तेल धुवायच्या टोल्युइनच्या वासानं साहेब चहाला पळाले). दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पाण्याची कड वेडीवाकडी, पण चांगली रुंद पसरली होती. बाटलीत तेल आधीपेक्षा उघड जास्त.

"म्हणजे बलोललाही असंच हळूहळू पाणी सोडतात?"

"छे, विहिरीला एवढी सवड कुठली! तिथे 1990 पासून हवा सोडून जमिनीखालीच थोडं तेल पेटवून पाहिलं, 1997 पासून मोठ्या प्रमाणावर. उष्णतेनं पुढचं तेल पातळ होतं."

"तेल काढायला तेलच जाळायचं?"

"जळतो तो मुख्यतः मागे उरलेला कोक, तेलाचा कोळशासारखा गाळ."

त्यांचा चेहरा उजळला. "इंधन घरचंच, वाहतूक खर्च शून्य!"

हवा हलकी, ती थराच्या वरच्या अंगानं निसटते आणि गुरुत्वाकर्षण इथे उलट त्रास देतं, हे मी सांगायला लागले. पण साहेबांनी पेन काढलं होतं. शेरा लिहिला : तांत्रिक गरज मान्य, तीन कोटेशन जोडावीत.

"दोन चालणार नाहीत हं, मॅडम."