खानापूरच्या वाटेवरचं कौलारू देऊळ

बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च आदल्या दिवशी बघितलं होतं. १८६०च्या दशकातलं दगडी गॉथिक काम. ते डोळ्यांत असताना दुसरं, खेड्यातलं मेथडिस्ट चर्च बघायला निघणं म्हणजे बासुंदी खाऊन वर शिरा मागवणं. तरी निघालो. खानापूरच्या अलीकडं वडापमधून उतरलो, भात कापून मोकळ्या झालेल्या वाफ्यांच्या कडेनं चालत गावात शिरलो आणि एका पोराला विचारलं, चर्च कुठंय? त्यानं माझ्या मागं बोट दाखवलं. सोसायटीचं गोडाऊन समजून मी ते ओलांडून पुढं आलो होतो.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेल्या मावशी आल्या. “फोटो काढा की, पण चपला भाईर.” दारावरच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. या भागात पाटी म्हटली की माझी नजर आधी भाषांचा क्रम बघते. खोड आहे, जात नाही.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीनं चिरा पडतो, मग हवा लागेल तसा टणक होत जातो. पण अंगभर भोकं, त्यामुळं बारीक नक्षी त्यात टिकत नाही. म्हणून इथल्या खिडक्यांना कमान आहे, कोरीवकाम नाही. कमानीचे चिरे पाचरीसारखे तासून बसवलेत आणि चुन्याचा गिलावा जिथं निघालाय तिथं एका चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव ओळीनं दिसतात. बोट फिरवून बघितलं. गवंडी डावखुरा असावा, सगळे घाव उलटीकडं कललेले. वर सागवानी कैच्या, त्यावर कौलं. खानापूरची मातीच कौलाची, लांबून आणायचं कारण नव्हतं.

आत मूर्ती नाही, चित्र नाही. लांबट खोली, टोकाला व्यासपीठ, त्यापुढं गुडघाभर उंचीचा लाकडी कठडा. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या विधीला, लोक त्या कठड्याशी गुडघे टेकतात. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा जॉन वेस्ली अठराव्या शतकात इंग्लंडात उघड्या माळावर उपदेश करत फिरला, पण १७९१ला वारला तो अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, धर्मगुरू म्हणूनच. कठड्याशी टेकायची ही रीत त्या जुन्या अँग्लिकन घरातून आलेली. पेल्यात मात्र वाईन नाही, द्राक्षाचा रस. तो न आंबता टिकवायची युक्ती १८६९ साली अमेरिकेतल्या थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं काढली, तीही आपल्या मेथडिस्ट मंडळीसाठी. कठड्याच्या मधल्या भागाचं पॉलिश उडालंय, कडेला शाबूत आहे. गर्दी नसली की सगळे मधेच टेकत असणार.

बेळगावात मिशनचं काम सुरू केलं ते मेथडिस्टांनी नव्हे. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथं आले. शहरातलं बेनन स्मिथ हायस्कूल त्याच मिशनच्या वारशातलं. १९०४ साली सोसायटीनं इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं सोपवलं, म्हणजे ‘मेथडिस्ट’ हे नाव इथल्या ख्रिस्ती लोकांना चौऱ्याऐंशी वर्षांनी लागलं. पुढं १९७०मध्ये उत्तर भारतातल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले आणि १९८१ला मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झाले. मावशींना यातलं काही सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, “आमी देऊळच म्हणतो.”

उपासना कुठल्या भाषेत होते? “वचन कन्नडात, गाणी मराठीत. पेटी नि टाळ हाईत की.” नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणतात. कपाटात टाळ खरंच होते, लाल दोरी ओवलेले, पेटीवर जुन्या लुगड्याचं फडकं.

घंटा दिसेना. मावशींनी मागच्या आंब्याखाली नेलं. फांदीला तारेनं रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, खोडाच्या बेचक्यात लोखंडी बोल्ट. वाजवून बघू का म्हटलं, तर त्यांनी हात धरला. “आता वाजवलासा तर आख्खं गाव यील. कोण गेलं म्हणून इचारतील.”

बोल्ट बेचक्यात परत ठेवला. वडाप गाठायला पावणेपाचची वेळ होती, ती चुकलीच.