१३७ किलोहर्ट्झ ऐकायचंय? आधी मीडियम वेव्ह अडवा

हौशी रेडिओच्या २२०० मीटर बँडवर, म्हणजे १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झवर, नुसती खरखर ऐकू आली की बहुतेक जण आधी प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) लावतात. उलटा कारभार! मुंबईत आकाशवाणीचे ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झचे मीडियम वेव्ह सिग्नल इतके दणदणीत येतात की रिसीव्हरचा पुढचा टप्पाच ओव्हरलोड होतो. प्रीअँप ते दुखणं वाढवतो.

आधी लो-पास फिल्टर हवा, म्हणजे कटऑफच्या वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा. ५० ओहमसाठी, कटऑफ २०० किलोहर्ट्झ: दोन्ही टोकांना १८ नॅनोफॅरडचे कपॅसिटर ग्राउंडला, मधे ३२ चा (२२ आणि १० समांतर), आणि त्यांच्यामध्ये ५४ मायक्रोहेन्रीच्या दोन कॉइल. प्रत्येक कॉइलला टी५०-३ या करड्या टोरॉइडवर (कडीसारख्या कोअरवर) ३० गेजची एनॅमल तार ५६ वेढे. हिशेबाने ५५८ वर सुमारे ५० डीबी (डेसिबल) घट मिळते. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या. स्वस्त सिरॅमिक डिस्कचा कपॅसिटन्स तापमानाबरोबर इतका सरकतो की कटऑफ भलतीकडेच जातो. इनपुट-आउटपुटच्या तारा शेजारी ठेवल्या तर सिग्नल फिल्टरला वळसा घालून आत शिरतो. पत्र्याची डबी वापरा.

तरीही गुणगुण उरली तर ती बहुधा चार्जर आणि एलईडी दिव्यांची, कोअॅक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डवरून, म्हणजे बाहेरच्या जाळीवरून येणारी. ती वाट तोडायला एफटी५०-४३ या फेराइट कोअरवर २५:२५ वेढ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अँटेनाच्या बाजूला लावा. दोन्ही वाइंडिंग कोअरच्या समोरासमोरच्या अर्ध्या भागांवर गुंडाळा. एकमेकांवर गुंडाळल्यास त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून तोच गोंगाट पार होतो. अँटेनाचं अर्थिंग वेगळं ठेवा, घराच्या वायरिंगला न जोडलेलं.

प्रीअँप लागलाच, तर फिल्टरनंतर.