गाडी पडली डावीकडं, पैसे घेतले उजवीकडचे

सोयाबीनची रास झाली आणि दाजी म्हणाले, "चल, यंदा व्हिएतनाम." मी अंबाजोगाईचा, दाजी लातूरचे. घाट आम्हाला नवे नाहीत, त्यामुळं वळणावर गाडी कशी घ्यायची ते सांगत बसत नाही. चार दिवस पावसात गाडीवर बसवत नसेल, तर उत्तर व्हिएतनामच्या डोंगरातला 'हा जियांग'चा ३५० किलोमीटरचा मोटारसायकलचा फेरा तुमच्यासाठी नाही.

निघताना एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये फी, जगात कुठंही चालतो." चालत नाही! आपल्याला मिळतो तो १९४९च्या जिनिव्हा करारातला परवाना. व्हिएतनाम मानतो १९६८च्या व्हिएन्ना करारातला. भाड्यानं गाडी देणाऱ्यानं आमचं परवान्याचं पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नाही, किल्ली हातात दिली. त्याला काय, रस्त्यावर सापडणार आपण. येन मिन्हच्या अलीकडं पोलिसांनी थांबवलं, पहिलं पान बघितलं आणि मान हलवली. माणशी २० लाख डोंग दंड. 'लाख' ऐकून दाजी मटकन खालीच बसले. रुपयाला साधारण ३०० डोंग येतात, म्हणजे साडेसहा हजारांच्या वर. पोलिसांना बोल लावत नाही, नियम तसाच आहे. खरी धास्ती विम्याची: वैध परवाना नसताना पडलात, तर प्रवास विमा हात वर करतो. माझ्या पॉलिसीत तशी ओळ होती. ती मी वाचली दंड भरल्यावर.

म्हणून सरळ सांगतो, 'हा जियांग'ला स्थानिक चालक घ्या आणि मागं बसा. तिकडं त्याला 'ईझी रायडर' म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही. स्वतःच चालवायची हौस असेल तर थायलंडला जा. तिथं आपला परवाना चालतो (त्यावर मोटारसायकलची नोंद मात्र हवी) आणि गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून चालतात. व्हिएतनामात उजवीकडून. भर रहदारीत चूक होत नाही, पुढच्याच्या मागं जातो आपण. चूक होते सकाळी, पेट्रोलपंपावरून मोकळ्या रस्त्यावर निघताना. दाजी दोनदा चुकले.

हनोईत जुनी 'होंडा विन' मोटारसायकल विकत घ्यायचा मोह होतो. त्यातल्या बऱ्याच नावापुरत्या होंडा असतात, आणि कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर. महिनाभर हनोई ते सायगाव जाणार असाल तर बघा, आठवड्यासाठी नकोच. आम्ही होंडा वेव्ह घेतली, दिवसाला २ लाख डोंग. स्प्लेंडरसारखे चारही गिअर पुढं दाबून पडतात, फक्त क्लच नाही. लांब उतारावर खालचा गिअर टाकता येतो, म्हणून स्कूटर घेऊ नका.

दंडाचं सोडलं तर पहिले दोन दिवस छान गेले. या फेऱ्यातल्या मा पी लेंग खिंडीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

मेओ वाक सोडून दू जियाकडं वळलो आणि खरा छळ सुरू झाला. रस्त्याचं काम चालू, वरून पाऊस, समोरून खडीचे ट्रक. आपल्या काळ्या मातीत गाडी रुतते, तिथल्या लाल चिखलात ती साबणासारखी निसटते. दहा किलोमीटरला दीड तास लागला. त्यातच मी डावीकडं आडवा झालो. गुडघा फुटला, फूटरेस्ट वाकला. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर या रस्त्यानं जाऊ नका, आल्या वाटेनं परत फिरा.

गाडी परत द्यायला गेलो तर मालक चिखलानं भरलेली डावी बाजू सोडून थेट उजवीकडं गेला आणि सायलेन्सरवरच्या जुन्या ओरखड्यावर बोट ठेवलं. तीस लाख डोंग! आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. गाडी घेताना आम्ही फोटो काढले होते, पण ते स्वतःचे, गाडीवर बसून. मी तावातावानं भांडायला लागलो, तर दाजींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "लई ताणू नको, तो डावीकडं येईल." बारा लाखांवर मिटलं, म्हणजे चार हजार रुपये.

तुम्ही पासपोर्ट ठेवू नका, रोख डिपॉझिट द्या. किल्ली घेण्याआधी मालकाला उभा करून गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, खाली वाकून सायलेन्सरचासुद्धा. आणि परत देताना गाडी धुऊन द्यायची का, ते तुमचं तुम्ही बघा.